जायफळाचे सात वळसे

माज्या गुटीत जायफळ नसतं. चाळीतल्या समद्या बायांना हे ठाऊक हाय.

चाकणच्या अलीकडं आमचं गाव. पोरानं रानाच्या कडंला पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. कंपन्यांत जाणारी माणसं ऱ्हात्यात, नांदेड-परभणीकडची जास्ती. कुणाला लेकरू झालं की एकमेकींना सांगत्यात, जा, आजीकडनं गुटी उगाळून आण. नात माजी वरडती, "आजे, तान्ह्या पोरांना डॉक्टर आता असलं काय देऊ देत न्हाईत." पण बाया ऐकत न्हाईत, आन् मला बी कुणाला न्हाई म्हणवत न्हाई. मंग मी सहाण धुती, उकळून गार केलेलं पाणी तिच्यावर घेती आन् एकेक मुळी उगाळती. वेखंडाचा एक वळसा. मुरडशेंगंचे दोन. हळकुंडाचा एक. वळसा म्हंजे मुळी दगडावर एकदा गोल फिरवायची, तेवढाच. कमी न्हाई, जास्ती न्हाई. लेकराच्या वयापरमानं वळसे ठरलेले असत्यात. हे मला सासूनं शिकवलं.

एखादी जाणती बाई असली की विचारती, "आजी, ह्यात जायफळ कुटं हाय?"

मी म्हणती, "सरलं."

चाळीस वर्सांच्या वर झाली, माजं जायफळ सरलेलंच हाय.

सरलेलं न्हाई. माज्या ट्रंकेत तळाला तांबड्या फडक्यात बांधून ठेवलंय. एका अंगानं झिजलेलं. बाकीचं भुंग्यानं खाल्लं असंल, मी काय गाठ सोडून बघितली न्हाई. पण ट्रंक उघडली की वास येतो. सणाला सून पुरणात जायफळ किसती, तवा मी पोळीचं पीठ बाहेर पडवीत घेऊन बसती. सुनेला वाटतं, म्हातारीला वास सोसत न्हाई. खरंच हाय ते.

ह्या वर्सी त्या वासाचं मला सांगावं लागलं, आन् ते बी एका परक्या बाईला, दारात उभ्या उभ्या. ते पुढं येईल. आधी आधीचं.

माजं लगीन झालं तवा ह्या गावात नुसती बाजरी व्हायची. कंपनीचं कुणी नाव बी काढत नव्हतं. आमचे हे भोसरीला एका वर्कशॉपात लेथवर लागले, म्हणून आमी तितं खोली घेतली. एकच खोली, मागनं नाला. संडास लांब, आन् तितं सकाळी रांग, म्हणून पोरं समदी नाल्याच्या कडंलाच बसायची. त्याच मातीत खेळायची. माजी थोरली पोरगी बी खेळायची. तीन वर्सांची व्हती, तिसरं सरत आलं व्हतं. माती खायची. मी तोंडात बोट घालून काढायची, तर ती दात मिटून घ्यायची आन् हसायची.

पोट मोठं, हातपाय काडीसारखे. झोपंत दात खायची. आमच्यात म्हणायचे, पोटात जंत झाले की दात खात्यात. कुणाच्या बी पोरात जंत असायचे. सासू तर म्हणायची, "एक तरी जंत पोटात पायजेच. त्यानं भूक लागती. समदे काढले तर माणूस जेवायचं बंद व्हतं." आमाला ते खरंच वाटायचं. गुळात ओवा चारायचा, वावडिंग द्यायचं, पडले तर पडले.

मी त्याच गल्लीत एका शेडमधी बर काढायला जायची. बर म्हंजे मशिनीवरनं पार्ट निघाला की त्याच्या कडंला लोखंडाचं पापुद्र्यासारखं धारदार काहीतरी ऱ्हातं, ते कानशीनं घासून काढायचं. आमी सहा-सात बाया पाटावर बसायचो, पुढ्यात पार्टांचा ढीग. बोटं चिरायची. तेलकट हातानं डोकं खाजवलं तर केसांत लोखंडाचा चुरा ऱ्हायचा. पोरीला शेजारणीकडं ठेवायची. शेजारीण चांगली व्हती, पण तोंडानं फटकळ.

एके दिवशी पोरीला जुलाब लागले. आधी पाण्यासारखे, मंग शेंबडासारखं काहीतरी पडायला लागलं. पांढरं, चिकट, लई. एवढ्याशा पोटात एवढं कुटनं येतंय, असं मला वाटलं. दुपारच्याला एक जंत पडला. ईतभर लांब, गांडुळासारखा पण पांढरट-गुलाबी. जिवंत व्हता. शेजारीण वाकून बघून म्हणाली, "पडू दे बाई, पडू दे. निघायला लागलेत. निघत्यात तवर निघू दे."

तिनं बरोबर सांगितलं व्हतं. मला ती वाक्यं आजून तिच्या आवाजात ऐकू येत्यात.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "हे बघ, राग मानू नको. हागरं पोर मी ठेवणार न्हाई. माज्या घरात तीन हायेत. माज्या पोरांना लागलं तर?"

आन् शेठनं आदल्या सांजंला सांगितलं व्हतं, माल उद्या जायचाय, जी येणार न्हाई तिनं परत यायचंच न्हाई. ह्यांचा पाय तवा मशिनीखाली सापडून प्लॅस्टरमधी व्हता. हे खाटंवर. पोरीला उचलता येत न्हाई, धुता येत न्हाई. घरात माज्या एकटीची मजुरी.

मी सासूचा गुटीचा डबा काढला. सहाण मांडली. जायफळ घेतलं.

जायफळानं जुलाब बांधतो, हे कुणालाबी ठाऊक हाय. पोरीच्या वयाला दोन वळसे. दोन दिले. तिनं तोंड वाकडं केलं, गिळलं. आमी वाट बघितली. तासाभरानं परत झाली. मंग मी परत बसले. ह्या बारीला वळसे घालत गेले. तीन. चार. हे खाटंवरनं म्हणाले, "बास की." मी म्हनलं, "तुमाला काय कळतंय त्यातलं, गप पडा." सात झाले तवा हात थांबला. सातच का, ते मला आजून सांगता यायचं न्हाई. भोंगा झाला व्हता, एवढं आठवतंय.

जुलाब थांबले.

पोरगी झोपली. गाढ. शेजारणीनं कपाळाला हात लावून बघितला आन् म्हणाली, "ठेव आता. अशी झोपली तर मला काय तरास न्हाई." मला आनंद झाला. हे सांगायलाच पायजे, कारण पुढं लोक म्हणाले, बिचारीला काय ठाऊक. मला दिवसभर बरं वाटत व्हतं. माज्या हाताला गुण आला, असं मी पाटावरच्या बायांना सांगितलं बी. "सात वळसे दिले," म्हनलं, "झटक्यात थांबलं."

सांजंला आले तर ती झोपलेलीच. हलवलं तर डोळं उघडायची, पण माज्याकडं बघायची न्हाई, माज्या मागं बघायची. पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं व्हतं, वर हात ठेवला तर दगड. मंग ओकाऱ्या. हिरवं पडलं, मंग त्यात बी जंत पडले. तोंडातनं.

ह्यांनी खाटंवरनं आरडून आजूबाजूच्या लोकांना बोलावलं. एकानं रिक्षा आणली. मोठ्या दवाखान्यात गेलो, तितं बाकावर बसायला सांगितलं. नंबर यायचा व्हता. पोरगी माज्या मांडीवर. मी तिचं पोट चोळत व्हते, खालनं वर, वरनं खाली. थोड्या वेळानं माज्या हाताखाली काय तरी हललं, म्हंजे ती न्हाई हलली, तिच्या आत हललं. मला वाटलं, बरं वाटायला लागलं असंल.

ती गेली व्हती. मला कळलंच न्हाई. बाजूच्या बाईनं सांगितलं.

आन् मंग तिच्या नाकातनं एक जंत बाहेर आला. सावकाश. घर रिकामं झाल्यावर माणूस बाहेर पडतं तसा. मी पदरानं काढला. दुसरं काय करणार.

डॉक्टरनं एवढंच म्हनलं, "जंतांचा गोळा झाला व्हता आतड्यात. आधी का न्हाई आणलं?" जायफळाचं कुणी विचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. ह्यांना ठाऊक व्हतं. हे बी कवा बोलले न्हाईत. मरायच्या आधी पंधरा दिस, अंथरुणावर असताना एकदा म्हणाले, "बास की, म्हणालो व्हतो मी." मी म्हनलं, "व्हय." एवढंच.

लहान पोरांना जाळत न्हाईत. नाल्याच्या पल्याड मोकळं रान व्हतं, तितं खड्डा घेतला. खाली मीठ घातलं, पिशवीभर. मीठ घालायची रीत हाय. तिला वर ठेवली, आन् परत मीठ. आता तितं एका कंपनीची भिंत हाय, आतमधी गाड्या लावत्यात. बसमधनं जाताना त्या बाजूची खिडकी आली की मी डोळं मिटून घेती. तरी कळतं. बस तितं स्पीडब्रेकरवर उडती ना.

पुढं मला तीन पोरं झाली, तिन्ही जगली. त्यांच्या पोटात जंत झाले, त्यांना जुलाब लागले. मी एकदाबी सहाण काढली न्हाई. दवाखान्यात पळायची. लोक म्हणायचे, गुटी उगाळणारी बाई स्वतःच्या पोरांना इंजेक्शनं देती.

आता नातीचं. धाकट्या पोराची पोरगी. शिकली, आन् भोसरीला एका लॅबमधी लागली. रक्त, लघवी, शी, समदं तपासती. तिचा बाप चिडवतो तिला, "डॉक्टर करायची व्हती हिला, झाली परसाकडची मास्तरीण." ती म्हणती, "पप्पा, तुमचीबी आणा डबीत, बघती काय खाता बाहेर."

ह्या वर्सी उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मी पडवीत तांदूळ निवडत बसले व्हते. नात मोबाइल घेऊन आली. "आजे, बघ, काल माज्या मशिनीखाली काय दिसलं." गोल गोल, तांबूस, कडंला नक्षी असल्यागत काहीतरी. "जंताचं अंडं हाय. एक बाई दिवसाला लाखात घालती अशी."

"कुणाची बाई?"

"जंताची, आजे!" ती हसायला लागली.

मी ताट खाली ठेवलं. ह्या गोष्टी मी कुणाला कवा विचारल्या नव्हत्या. तिला विचारलं, "पोटात एवढे शिरत्यात, तर पोटाला कळत न्हाई व्हय?"

"कळतं की. लई बारीक कळतं." तिला असलं सांगायला आवडतं. ती माज्या शेजारी पाय पसरून बसली. "हे बघ, आतड्याच्या आतल्या अंगाला पेशी असत्यात. त्यातल्या काहींना वर केसांचा झुपका असतो, पहारेकरी समज. जंत आला की त्यांना त्याची चव कळती. ते हाकाटी करत्यात. मंग शेजारच्या पेशींना हुकूम जातो, शेंबूड सोडा."

"शेंबूड?"

"तसलाच. चिकट. लई सुटतो, एवढा की जंताला धरायला जागाच ऱ्हात न्हाई, घसरतो. मंग आतडं पाणी सोडतं. आन् मंग स्वतःला पिळतं, जोरात, एका मागनं एक, खाली ढकलत. वरची साल बी भराभरा बदलती, म्हंजे जंत जिला चिकटलाय ती सालच गळून पडती. रडायचं आन् झाडायचं, बघ. आतडं आतनं रडतं आन् झाडून काढतं."

"म्हंजे जुलाब."

"काही जुलाब. समदे नसत्यात जंताचे, उगं काय समजू नको. पाण्यानं होत्यात, शिळ्या अन्नानं बी होत्यात. पण हो, जंत काढायचा असंल तर शरीर असंच काढतं."

मी तांदळात बोट फिरवत व्हते. एक खडा दिसत व्हता, तो उचलत नव्हते.

"आन् समदे निघत्यात व्हय असे?"

"न्हाई ना. लई असले तर जमत न्हाई, मंग गोळी लागती. आन् जंत बी हुशार असत्यात. काहीतरी सोडत्यात अंगातनं, पहारेकऱ्यांना झोपवत्यात. म्हणून तर वर्सानुवर्सं ऱ्हात्यात."

"पहारेकऱ्यांना झोपवत्यात," मी म्हनलं.

"हं."

"आन् कुणी मधीच जुलाब बंद केले तर?"

"काय घालून?"

"काय बी घालून. समज."

"लहान पोरांना? आजे, डॉक्टर बी देत न्हाईत बंद करायची गोळी लहान पोरांना. आतड्याचं हलणंच थांबतं. बाहेर पडणारं आतच ऱ्हातं, पोट फुगतं. मीठ-साखरंचं पाणी पाजायचं, जेवढं जातंय तेवढं भरून काढायचं. जाऊ द्यायचं, पण सुकू द्यायचं न्हाई." मंग तिनं माज्याकडं बघितलं. "का गं?"

"काय न्हाई. तांदळात खडं लई हायेत."

त्या दिवशी मी तिला सांगितलं न्हाई.  एवढी वर्सं मला वाटायचं, माज्या हातानं वळसे जास्ती झाले, औषध जड झालं. चूक व्हती, पण औषधाची. आता कळलं की आत तिचं अंग लढत व्हतं, तीन वर्सांचं अंग, मला ठाऊक बी नसताना. शेंबूड सोडत व्हतं, पाणी सोडत व्हतं, स्वतःला पिळत व्हतं. ते रडणं झाडणं मी चारी दारं लावून बंद केलं. जंतांनी केलं नसतं तेवढं मी केलं. पहारेकरी मी झोपवले.

तवापासनं मला सहाणंचा आवाज यायला लागला. दुपारी, भांडी पालथी घातल्यावर, समदं गप असतं तवा. खर्र... खर्र... मी मोजती. सातावर थांबतो. सून म्हणती, शेजारच्या शेडात ग्राइंडर चालतोय. असंल.

आता त्या दारातल्या बाईचं.

तिसऱ्या खोलीत एक जोडपं ऱ्हातं, परभणीकडचं. त्यो टेम्पो चालवतो, तवा बाहेरगावी गेला व्हता. ती कंपनीत लाइनीवर उभी ऱ्हाती, कंत्राटावर. त्यांना एक पोरगी. तीन वर्सांची. ती मला आजी म्हणत न्हाई, "ए म्हातारे" म्हणती, आन् तिची आई तिला रपाटा घालती.

पावसाळ्यात एके दिवशी सकाळी ती आई माज्या दारात आली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र, पोरगी कडंवर. पोरीची मान खांद्यावर पडलेली.

"आजी, लेकराला पहाटंपासनं जुलाब लागल्यात. पाच बार झाली. शेंबडासारखं पडायलंय. काय करावं की."

 मी म्हनलं, "दवाखान्यात ने."

"नेते की, सांजंला नेते. आज सुट्टी न्हाई हो. गेल्या आठवड्यात एक झाली. सुपरवायझर म्हणालाय, आता राहिली तर ब्रेक देतो. ब्रेक म्हंजे घरीच बसायचं." तिनं शर्टाच्या खिशात हात घातला आन् काढून माज्या तळहातावर ठेवलं. "तुमचं सरलंय म्हणत्यात, म्हणून मीच दुकानातनं आणलं. तेवढं उगाळून द्या. बांधंल तरी दिवसभर. झोपंल बी."

नवं जायफळ. गुळगुळीत, तपकिरी. हाताला जड लागलं.

मी म्हनलं, "न्हाई उगाळायचं."

"का?"

"न्हाई."

"अहो आजी, बस यायलीय माजी! दोन वळसे मारायला काय जातंय तुमचं?" तिचा आवाज चढला. "साऱ्या चाळीच्या लेकरांना उगाळता, माज्याच लेकराला का न्हाई? आमी भाडं देत न्हाई व्हय? का आमी लांबचे म्हणून?"

दोन खोल्यांतल्या बाया बाहेर आल्या. सून आतनं आली, म्हणाली, "आई, द्या की, काय एवढं." नात बी आली, तिची त्या दिवशी सुट्टी व्हती, ब्रश तोंडात.

आन् मी त्या समद्यांपुढं म्हनलं, "मी माजी एक अशीच घालवली."



"तीन वर्सांची व्हती. असंच पडत व्हतं, चिकट. मला कामाला जायचं व्हतं. मी जायफळ दिलं. सात वळसे. थांबलं. सांजंला पोट दगड झालं, त्याच रातीला दवाखान्याच्या बाकावर गेली. तिच्या नाकातनं जंत निघाला." एवढंच सांगितलं. लई आवाज बी चढला न्हाई माजा. सून माज्याकडं बघत ऱ्हायली. तिला ह्या घरात येऊन पंचवीस वर्सं झाली, आन् तिला ठाऊक नव्हतं की तिच्या नवऱ्याला एक थोरली बहीण व्हती.

त्या पोरीच्या आईनं लेकरू घट्ट धरलं.  मंग म्हणाली, "मंग मी काय करू, आजी? तुमीच सांगा. नोकरी गेली तर..."

मला हे ठाऊक व्हतं. ह्याच्यापुढं काय बोलतात ते मला कुणी कवा बोललं नव्हतं, म्हणून मलाच बोलावं लागलं.

"बस पकड," मी म्हनलं. "दे हिकडं तिला. हागू दे, मुतू दे, ओकू दे. मी ठेवती. हिला आता दवाखान्यात नेती, संगं नात हाय माजी. तुजा फोन चालू ठेव."

"घाण करंल ती सारी..."

"करू दे. जा."

तिनं पोरगी माज्याकडं दिली. गेली. कोपऱ्यावरनं परत मागं बघितलं, मंग पळाली. जायफळ माज्या मुठीतच ऱ्हायलं.

नातीनं गाडी काढली. मी मागं, मधी पोरगी. सरकारी दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीण व्हती. तिनं पोट दाबून बघितलं, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, जीभ बघितली. म्हणाली, पोट मऊ हाय, ताप न्हाई. पुड्या दिल्या, पाण्यात कालवून घोट घोट पाजायच्या, आन् दुसऱ्या गोळ्या. जंताची गोळी मंग, हे बसल्यावर. "मुतणं थांबलं, पोट फुगलं, हिरवं ओकली तर लगेच आणा." मी तिला तीनदा विचारलं, पोट किती फुगलं म्हंजे फुगलं. तिनं तीनदा सांगितलं. वरडली न्हाई.

घरी आणून पडवीत सतरंजीवर मांडली. वाटीत ते पाणी, चमच्यानं एक घोट, मंग मोजून थोडं थांबायचं, मंग एक. खारट-गोड. मी चव घेतली. जीभंला मीठ लागलं आन् मला खड्ड्यातली पिशवी दिसली. मी परत चमचा भरला.

सहा बार झाली. मी धुतली, सून फडकी टाकत ऱ्हायली. मधीच म्हणाली, "आई, तिचं नाव काय व्हतं?" मी सांगितलं. तिनं ते एकदा आपल्याशीच म्हणून बघितलं. आमच्या घरात ते नाव लई वर्सांनी ऐकलं मी.

दुपारी जंत पडला. एकच. ईतभर. हलत व्हता. नात पळत आली, काडीनं उचलून डबीत घेतला, हरखली. "बघ आजे! काढला हिनं! स्वतःच्या हिमतीवर काढला!" मंग तिनं माज्याकडं बघितलं. डबी मागं लपवायला लागली.

"दाव," मी म्हनलं.

तिनं दाखवली. मी बघितलं. तसाच व्हता. काय फरक नव्हता.

"आजे," ती हळू बोलली, "नक्की जायफळानंच झालं असं म्हणता येत न्हाई गं. लई असतील तिच्या पोटात. एवढा गोळा झालेला... जायफळ नसतं दिलं तरी कदाचित..."

"व्हय," मी म्हनलं. "कदाचित."

तिला आजून काय सांगायचं व्हतं, पण ती उठून डबी ठेवायला गेली.

मंग पोरगी झोपली. मला ते सहन हुईना. मी तिला हलवलं. तिनं डोळं उघडलं, माज्याकडं बघितलं, माज्या मागं न्हाई. परत मिटलं. थोड्या वेळानं परत हलवलं. ती कुरकुरली. तिसऱ्या बारीला ती माज्या हातावर फटका मारून म्हणाली, "ए म्हातारे, झोपू दे ना!"

सून हसली. नात म्हणाली, "आजे, दमलीय ती. झोपू दे. झोपणं चांगलं हाय आता. पोट मऊ हाय, मुतली बी हाय."

मी झोपू दिली. पण बोट तिच्या नाकाखाली धरून बसले. गरम वारा लागत व्हता बोटाला. दुसरा हात पोटावर. पोटात गुडगुड आवाज येत व्हता, आतनं काहीतरी सरकत व्हतं, खाली, परत खाली. पहिल्यांदा मी घाबरले. मंग ओळखलं. झाडत व्हतं.

चार वाजता पोरगी उठली. बसली. आजूबाजूला बघितलं. मंग म्हणाली, "भूक लागली." सासू असती तर म्हणाली असती, बघ, एक जंत आत हाय आजून.

सून भात-वरण कालवायला गेली. पोरगी माज्या मांडीवर बसली आन् जोरात शिंकली. नाकातनं काहीतरी लोंबलं.  मी पदरानं पुसलं, पदर उन्हाकडं धरला आन् बघितलं.

शेंबूडच व्हता.

तरी मी पदर दुमडला, आन् परत उघडून बघितला.